शब्दांच्या सोंगट्या आणि वेलांटीचा प्रश्न

मराठी मुलाचा शब्दखेळ परंपरेने तोंडचा आहे. भेंड्या, कोडी, उखाणे, सारे कानाचे वैभव. भेंड्यांत 'कवी' आला की पुढच्याने 'व' धरायचा. वेलांटी पहिली की दुसरी, हे तेथे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न उद्भवतो तो शब्द हाताने मांडू लागल्यावर. म्हणूनच शब्द जुळवण्याच्या पटाच्या खेळाकडे आम्ही आपल्या लेखनपरंपरेच्या अंगाने पाहू इच्छितो.

मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळला जात नसे, आणि त्यावाचून दौलतीचा कारभार अडला नाही. बाळबोध छापखान्यात गेली, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले, शाळा निघाल्या, आणि वेलांटी परीक्षेचा विषय झाली. साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ साली शासनमान्य झाले. १९७२ साली त्यांत चारांची भर पडली.

दुसरा धागा बालशिक्षणाचा. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढले. सुटी अक्षरे हलवून शब्द रचण्याचे त्यांचे साधन पुढे जगभर गेले. तोच विचार १९२६ च्या नूतन बाल शिक्षण संघामार्फत ताराबाई मोडकांनी मराठीत रुजवला. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी तो वारली मुलांपर्यंत नेला. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने आली. या बदलाला आम्ही काटकसर म्हणणार नाही. ती भाषांतराइतकीच अवघड गोष्ट होती.

अमेरिकेत आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून सोंगट्यांचे गुण ठरवले. 'स्क्रॅबल' हे नाव १९४८ चे. रोमन अक्षरे एकामागून एक बसतात. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. अख्खे अक्षर एका सोंगटीवर घ्यावे, तर चौतीस व्यंजनांच्या बाराखडीची ४०८ अक्षरे होतात, आणि जोडाक्षरे अजून बाहेरच. आपली शब्दकोडी एका चौकोनात अख्खे अक्षर बसवतात ती याचमुळे. लहान मुलांसाठी मात्र व्यंजनाची सोंगटी वेगळी आणि मात्रांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवणेच बरे, असे आमचे मत आहे.

कारण शुद्धलेखनाचे मर्म बदलात आहे. 'फूल' मांडले, 'फुलात' करायचे तर दीर्घ उकार उचलून ऱ्हस्व ठेवावा लागतो. 'कवी'ला 'राज' जोडला की 'कविराज'. फळ्यावर हा नियम पाठ करावा लागतो. पटावर तो हातातून जातो. पण लगेच 'गीत' येते, आणि 'गीतात' मध्ये काहीच बदलत नाही, कारण शब्द तत्सम. सात वर्षांच्या मुलाने शब्दाचे कूळ कसे ओळखावे? येथे खेळ थकतो. दोष खेळाचा नव्हे, नियमाचा आहे.

नंदुरबारमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ६४ टक्क्यांच्या आसपास, राज्यात सर्वांत कमी होती. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातले मूल घरी पावरी किंवा भिली बोलते. त्याला मराठी शब्दच नवा. त्याचे कूळ तर दूरच. सरदार सरोवराच्या छायेत १९९२ पासून चिमलखेडीसारख्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने जीवनशाळा उभ्या केल्या, त्या मुलांच्या बोलीला वर्गात जागा देऊन. शहादा तालुक्यातले वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली आला, तेव्हा भिली कविता देवनागरीत छापून वाचकांपुढे आलेली होती. महामंडळाचे अठरा नियम मराठीचे. भिलीच्या वेलांटीला ते लागू नाहीत.

तेव्हा धडगावच्या वर्गात सोंगट्या मांडायच्या झाल्या, तर पहिले डाव पावरीचे असावेत, असे आम्हांला वाटते. मूल आपल्या घरातला शब्द मांडेल. वेलांटी कुठली, हे त्याच्या उच्चारावरून ठरेल आणि गुरुजींनाच ते त्याला विचारावे लागेल. मराठीचा 'फूल' त्यानंतर पटावर यावा, आणि 'गीत' त्याच्याही बराच नंतर.