हरणाचा जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरच्या दिल्ली दरवाजातून निघून हर्सूल मागे टाकले, की अजिंठ्याची वाट लागते. तेथील पहिल्या लेण्यात शिल्पकाराने मोठी गंमत केली आहे: हरणे चार आणि चौघांत मिळून डोके एकच! पाहणारा खूश होतो. पण वाटेवरच्या एखाद्या कुणब्याला ती गंमत सांगावी, तर तो म्हणेल, "दगडातली हरणे बरी, शेतात उतरतात त्यांना प्रत्येकी एक तोंड असते!"

मराठवाड्याच्या माळावर ज्याला हरीण म्हणतात, ते बहुधा काळवीट. शास्त्राच्या हिशेबी ते हरीणच नव्हे; चितळ-सांबरांची शिंगे गळून पुन्हा येतात, काळविटाची जन्मभर टिकतात. शेतकऱ्याला हा भेद काय कामाचा? कोवळे शेंडे दोघेही खातात.

या प्राण्याचा जमाखर्च फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने शिलालेखात नोंदविले, की मुदपाकखान्यासाठी आता दोन मोर व एक हरीण एवढेच मारले जाते, आणि हरीणही नेहमी नव्हे. शिकारीच्या सहली सोडल्याचे सांगणाऱ्या त्याच्या आठव्या लेखाचा तुकडा आपल्या सोपाऱ्यास मिळाला. पुढे मोगल आले. अकबराला चित्त्याकडून काळवीट धरविण्याचा भारी नाद. कोल्हापूर दरबारी हा खेळ विसाव्या शतकातही चालला. देशी चित्ता दुर्मिळ झाला, तेव्हा आफ्रिकेतून चित्ते आणविले गेले. शिकारीची हौस राजाची, पण हरणांना चारा पुरविणारी रयत! एवढे खरे, की शिकारीमुळे कळप आटोक्यात राहत.

1947 साली कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते मारले. भारतातले ते अखेरचे मानले जातात. मग बंदुका व जीपगाड्या माळावर फिरू लागल्या, माळ नांगराखाली आले आणि काळवीटच नाहीसे होते की काय, अशी वेळ आली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले. 1980 साली अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरी अभयारण्य झाले. त्याचा विस्तार अवघा सव्वादोन चौरस किलोमीटर! हरणाला कुंपण ठाऊक नसते. ते शेजारच्या शेतात चरणारच.

आता जमेची बाजू पाहू. काळवीट लांडग्याचे भक्ष्य आहे. ते मिळाले, तर धनगराच्या मेंढ्यांवरचा भार काही हलका होतो. त्याच्या लेंड्यांतून बी पसरते, माळाला खत मिळते. पाहायला पाहुणे येतात, चार पैसे गावात राहतात. हा लाभ साऱ्या मुलखाचा.

खर्च मात्र ज्याची जमीन माळालगत, त्या एकट्याचा. सरकार पिकाची भरपाई देते. पण अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणे यांत हंगाम सरतो. दुबार पेरणीचे बी आणि राखणीला गेलेले दिवस कोणत्या रकान्यात मांडायचे?

आपण घरोघर फराळाला बसतो, त्याच दिवसांत रब्बीची ज्वारी आणि हरभरा कोवळा असतो, आणि माळाकाठचा शेतकरी बांधावर उभा असतो. हरीण जगावे, असे आपण सर्वांनी ठरविले आहे, आणि ते योग्यच आहे. मग त्याचे बिलही सर्वांनी भरावे, आणि वेळेवर भरावे. चौघांचे डोके एक, हे दगडात साधले. व्यवहारात साधणे अजून बाकी आहे.