वखारीचे निशाण आणि नकोशी पत्रे

राजापूरच्या इंग्रजी वखारीची हकीकत आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण तिच्यातला एक मुद्दा सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन काही सोबत्यांसह उखळी तोफा व गोळे घेऊन त्या वेढ्यात सामील झाला. एवढ्यावर न थांबता या मंडळींनी इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा केला. पुढल्याच वर्षी, १६६१ च्या मार्चमध्ये, महाराजांनी राजापूर गाठले, वखार लुटली आणि इंग्रजांना कैद केले. कैद्यांनी सुरतेच्या वरिष्ठांकडे सुटकेसाठी धावा केला. उत्तर आले ते कोरडे. त्याचा मथितार्थ असा, की कंपनीच्या मालाचे रक्षण करताना तुम्ही पकडला गेला नाहीत. कंपनीचे निशाण घेऊन गोळे टाकायला गेलात, त्याचे हे फळ आहे. बिचारे १६६३ साली सुटले.

मुद्दा आहे तो निशाणाचा. ते वापरले मूठभरांनी. किंमत मोजली सबंध वखारीने.

या गोष्टीची आठवण होण्याचे कारण मात्र अगदी वेगळे आहे. इंटरनेटवरून येणाऱ्या नकोशा पत्रांचा, ज्यांना जगभर ‘स्पॅम’ म्हणतात त्यांचा, इतिहास चाळत असता राजापूरचेच प्रकरण पुन्हा घडल्यासारखे वाटले. १२ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेत कँटर आणि सीगेल या वकील दांपत्याने तिथल्या वास्तव्य-परवान्याच्या सोडतीची जाहिरात ‘यूजनेट’ या जाळ्यातील हजारो चर्चागटांत एकदम टाकली. त्यांचे खाते फिनिक्स शहरातल्या ‘इंटरनेट डायरेक्ट’ नावाच्या एका लहानशा संस्थेकडे होते. चिडलेल्या लोकांच्या तक्रारींचा असा लोंढा आला, की त्या संस्थेची टपालयंत्रे पुन्हा पुन्हा कोलमडली. संस्थेने खाते बंद केले. तर वकीलसाहेबांनी उलट तिलाच कोर्टाचा धाक घातला! जाहिरात करणारे दोघे. भुर्दंड बसला तो संस्थेला आणि तिच्या बाकीच्या निरपराध वर्गणीदारांना.

याचे मूळ या टपालाच्या रचनेतच आहे. आपल्या पोस्टात पत्र टाकणारा तिकिटाचे पैसे भरतो. म्हणून लाख पत्रे टाकण्यापूर्वी तो लाख वेळा विचार करतो. इंटरनेटच्या टपालात लाखावे पत्र पाठवायला जवळजवळ काहीच पडत नाही. खर्च पडतो तो वाहून नेणाऱ्यावर आणि घेणाऱ्यावर. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घेण्याच्या काळात तर नको असलेले पत्र उतरवून घेतानाही वर्गणीदाराचे टेलिफोनचे बिल वाढत असे. शिवाय या टपालाचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याने लिहिलेले नाव खरे की खोटे हे पाहण्याची सोयच त्यांत नव्हती. जॉन पोस्टेल या संशोधकाने त्याआधीच, नोव्हेंबर १९७५ मध्ये, नकोशी पत्रे निवडून नाकारण्याचा मार्ग यंत्रांपाशी नाही, असे लिहून ठेवले होते. त्या वेळी हे जाळे मोजक्या अभ्यासकांचे होते. दाराला कडी हवी असे फारसे कोणाला वाटले नाही.

आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले आणि १९९८ च्या अखेरीस खाजगी संस्थांना वाट मिळाली. एखाद्या लहान भागापुरती सेवा देणाऱ्या छोट्या संस्थांसाठी परवान्याचा ‘क’ वर्गही ठेवण्यात आला. अशा छोट्या संस्थेचा कारभार म्हणजे दोन-चार माणसे आणि थोडी यंत्रे. तिने स्पॅमशी झुंजायचे कसे?

पहिला उपाय घरातलाच. पूर्वी टपालयंत्रे कोणाचेही पत्र कोणाकडेही पोचवीत. परक्यांसाठी ते दार बंद करावे लागले. दुसरा उपाय काळ्या यादीचा. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ साली कुप्रसिद्ध पत्त्यांची यादी खुली केली. त्या पत्त्यांवरून आलेले टपाल इतर संस्था उंबऱ्यावरूनच परत धाडू लागल्या. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी शब्दांच्या गणिताचा मार्ग लोकप्रिय केला: कोणते शब्द खऱ्या पत्रांत येतात आणि कोणते स्पॅममध्ये, याचा हिशेब यंत्रानेच ठेवायचा. २००३ साली आणखी एक साधी युक्ती निघाली. अनोळखी पत्राला ‘थोड्या वेळाने या’ असे सांगायचे. खरे टपाल पुन्हा येते; घाऊक पाठवणाऱ्याला तेवढी सवड नसते. अर्थात पुढे त्यांतलेही काही पुन्हा येण्यास शिकले!

परंतु काळी यादी हे दुधारी शस्त्र आहे. छोट्या संस्थेच्या एखाद्या वर्गणीदाराने आगळीक केली, की संस्थेचाच पत्ता यादीत जातो आणि सर्वांची पत्रे अडकतात. मोठ्या संस्थेला अडवले तर लाखो लोक ओरडतात; छोटीसाठी कोण ओरडणार? म्हणून येणाऱ्या पत्रांइतकाच जाणाऱ्या पत्रांवर पहारा ठेवणे तिला भाग पडते. पहारा फार कडक झाला तर दुसरेच संकट उभे राहते. शंभर जाहिराती अडवताना मुंबईहून आलेले नोकरीचे एक बोलावणे अडकले, तर त्या शंभरांचे कौतुक कोणाला? यासाठीच शहाण्या संस्था संशयित पत्र नष्ट न करता वेगळ्या पेटीत ठेवतात आणि निवाडा वर्गणीदारावर सोपवतात.

अखेर सगळे पुन्हा निशाणापाशीच येते. आपल्या नावाने कोणती यंत्रे पत्रे पाठवू शकतात, हे नावाच्या मालकाने जाहीर करावे, अशी पद्धत पुढे रूढ झाली. आपल्याकडे टेलिफोनवरच्या व्यापारी संदेशांसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ साली असाच नियम केला: पाठवणाऱ्याने आपले नाव आधी नोंदवावे आणि त्यावर देखरेख टेलिफोन कंपन्यांनी ठेवावी. त्रास यामुळे संपला, असे कोणी म्हणणार नाही. पण निशाण कोणाच्या हाती देतो याची जबाबदारी निशाणाच्या धन्यावर असते, एवढे तरी कायद्याने मान्य केले.

सुरतकरांनी तेवढे मान्य केले नव्हते. त्यांनी कैद्यांना बोल लावला आणि हात झटकले. लहान संस्थेला ती चैन परवडत नाही. तिची सुरतही तीच आणि राजापूरही तीच.