झेब्रा वाचवणे का गरजेचे आहे?

झेब्रा म्हटले की काळे-पांढरे पट्टे आठवतात. पण सगळे झेब्रे सारखे नसतात. आफ्रिकेत त्यांच्या तीन प्रजाती आहेत: मैदानी झेब्रा, पहाडी झेब्रा आणि ग्रेवीचा झेब्रा. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे काय होते, ते क्वागाने दाखवून दिले आहे.

क्वागाचे काय झाले?

दक्षिण आफ्रिकेतला क्वागा ही मैदानी झेब्र्याचीच एक उपप्रजाती होती. त्याचे पट्टे फक्त डोके, मान आणि अंगाच्या पुढच्या भागावर असत. मांस आणि कातड्यासाठी तिथे वसलेल्या युरोपीय लोकांनी त्याची बेसुमार शिकार केली. मेंढ्यांच्या वाट्याचे गवत खातो, म्हणूनही त्याला मारले. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. पण तो शेवटचा आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही, कारण लोक कोणत्याही झेब्र्याला ‘क्वागा’च म्हणत.

आज धोका कोणाला?

सर्वात मोठा धोका ग्रेवीच्या झेब्र्याला आहे. तो उत्तर केनिया आणि इथिओपियाच्या कोरड्या भागात राहतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या सुमारे १५ हजार होती. आता ती ३ हजारांच्या आसपास आहे. आधी कातड्यासाठी शिकार झाली. १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली, पण चारा आणि पाण्याची टंचाई वाढत गेली. दिवसा पाणवठ्यावर गुरे असतात, म्हणून झेब्रे रात्री येतात आणि तेव्हा सिंहाची भीती जास्त असते. मादी सुमारे १३ महिन्यांनी एकच पिल्लू देते, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून निघत नाही.

झेब्रा नसला तर काय बिघडते?

झेब्रा उंच, जाडेभरडे गवत खातो. त्यामुळे खालचे कोवळे गवत हरणांसारख्या लहान प्राण्यांना मिळते. शिवाय तो सिंहाचे भक्ष्य आहे.

उपाय काय?

प्रत्येक झेब्र्याचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे वेगळे असतात. याचाच उपयोग करून २०१६ मध्ये केनियात सामान्य नागरिकांनी दोन दिवस ग्रेवीच्या झेब्र्यांच्या उजव्या बाजूचे फोटो काढले. संगणकाने पट्टे जुळवले आणि सुमारे २,३५० हा अंदाज मिळाला. त्यात पिल्ले किती हेही कळले, म्हणजे संख्या टिकेल की नाही याचा अंदाज आला. सांबुरू पशुपालक समाजातले लोकही आता झेब्र्यांवर लक्ष ठेवण्याचे काम करतात.

पुढच्या वेळी झेब्र्याचा फोटो शेअर कराल, तेव्हा त्याचे पोट नीट पाहा. कान मोठे आणि गोल, पट्टे बारीक आणि पोट पांढरेशुभ्र असेल, तर तो ग्रेवीचा झेब्रा आहे. त्याचे नाव लिहूनच फोटो टाका. क्वागाच्या बाबतीत झालेली चूक पुन्हा व्हायला नको.