पिवळ्या दिव्यामागचा इतिहास

मद्रासच्या पश्चिमेला असलेल्या आवडी येथील अवजड वाहन कारखान्यातून १९६५ साली ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. त्याच्या इंजिनाला स्वतःचे दुखणे सांगता येत नव्हते. धुराचा रंग, ठोक्यांची लय आणि अनुभवी कान एवढीच निदानाची साधने होती. पुढे १९७६ मध्ये अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) वाहन संशोधन संस्थेची आवडीतील शाखा वेगळी होऊन लढाऊ वाहनांची स्वतंत्र प्रयोगशाळा झाली. वाहनांची परीक्षा हे अशा संस्थांचे नित्याचे काम. पण वाहनाने स्वतःचीच परीक्षा घ्यावी, ही कल्पना रुजली ती प्रदूषित हवेमुळे.

गाडीतील दोष-संकेतांक मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मले, असा आपला समज असतो. वस्तुतः त्यांचे मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. वाहनांतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात अभिक्रिया करून हे धुरके बनवतात, हे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी दाखवले. पुढे उत्सर्जनाच्या मर्यादा आल्या, उत्प्रेरक परिवर्तक आले; मात्र नवी असताना स्वच्छ असणारी गाडी पाच वर्षांनीही तशीच राहील याची हमी कोण देणार? कॅलिफोर्नियाने १९८८ पासून ही जबाबदारी गाडीतील संगणकावरच टाकली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत सोळा पिनांचे समान सॉकेट आणि समान संकेतांक सक्तीचे झाले. ‘पी०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील ज्वलन चुकते आहे. हा अर्थ कोणत्याही कंपनीच्या गाडीत तोच. त्यामुळे निदानाची भाषा कंपनीच्या भिंतीबाहेर, साध्या गॅरेजपर्यंत पोहोचली.

भारतात मुंबई, पुणे, सोलापूर, चेन्नई अशा निवडक शहरांत २०१० साली भारत स्टेज ४ मानक आले आणि त्याबरोबर ‘ओबीडी’चा पहिला टप्पा. दुसरा टप्पा २०१३ मध्ये लागू झाला. १ एप्रिल २०१७ पासून स्टेज ४ देशभर पोहोचले, तर २०२० मध्ये स्टेज ६ आले.

आता ‘पी०४२०’ हा संकेतांक पाहा. परिवर्तकाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन संवेदक असतात. पहिल्याचा विद्युतदाब साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत हेलकावतो. परिवर्तक ऑक्सिजन साठवतो व सोडतो, म्हणून दुसऱ्याचा दाब जवळपास स्थिर राहायला हवा. तोही पहिल्यासारखा हेलकावू लागला, की संगणक हा संकेतांक नोंदवतो. परंतु मागील संवेदकाच्या आधी धूरनळीला बारीक भेग असेल आणि बाहेरची हवा आत शिरत असेल, तरी हेच चित्र दिसू शकते. परिणामावरून कारण शोधण्याचा प्रश्न भौतिकीत व्यस्त प्रश्न म्हणून ओळखला जातो, आणि त्याचे उत्तर एकच असेल असे नाही. संकेतांक ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. केवळ त्याच्या आधारे महागडा परिवर्तक बदलणाऱ्याचे पैसे जातात आणि भेग तशीच राहते.

याहून घातक सवय म्हणजे संकेतांक पुसून गाडी परत देणे. दिवा विझतो, पण त्याबरोबर दोष उद्भवला त्या क्षणीचे तापमान, वेग आणि इंजिनावरील भार यांची जपलेली नोंदही नाहीशी होते, आणि पूर्ण झालेल्या स्वयंचाचण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. पीयूसीची चाचणी उभ्या गाडीची, काही क्षणांची असते. गाडीची स्मृती मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक प्रवासाची साक्षीदार असते.

म्हणून पुढच्या वेळी तो पिवळा दिवा लागला, तर ‘तो घालवा’ असे म्हणू नका. आधी नोंद वाचायला सांगा, ती लिहून घ्या, मग कारण शोधायला सांगा. हा दिवा गाडीच्या मालकासाठी जितका आहे, तितकाच तिच्या मागून चालणाऱ्याच्या श्वासासाठीही आहे.