विकतचें घड्याळ

घटिकापात्रावर लग्नघटिका साधणाऱ्या आम्हां लोकांस १८६५ च्या सुमारास फेवर ल्यूबा या स्विस पेढीनें मुंबईंत उंची घड्याळांची गोडी लाविली. घड्याळ आलें, तें घडविण्याची विद्या मात्र आम्हीं मागितली नाहीं. पुढें १९६१ सालीं बंगळूरास सरकारी कारखाना निघाला, तोहि जपानी साह्यानें. इंग्लंडांत जॉर्ज डॅनियल्स (१९२६–२०११) हा एकटा गृहस्थ संबंध घड्याळ स्वहस्तें घडवी. त्याच्या एका घड्याळास २०१९ च्या लिलावांत ३५ लाख पौंडांहून अधिक मोल आलें. तें त्या एकहाती कसबाचें. आमच्या सुशिक्षित घरांतील मुलगा पदवीनंतर कानस हातीं धरूं म्हणाला, तर वडील मंडळी त्यास आशीर्वाद देतील काय?