चावडी ते ११२ : हाक ऐकणारा कान कुठे असावा?

आजचा विषय तसा प्रशासनाचा आहे, रुक्ष वाटेल. पण थोडं थांबा.

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत आज रात्री कुणी घाबरून ११२ फिरवला, तर तो फोन टेंभुर्णीच्या ठाण्यात वाजत नाही. जालन्यातही वाजत नाही. तो वाजतो नवी मुंबईत महापे इथं, किंवा नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात. तिथला कर्मचारी माहिती घेतो, संगणकावर नोंद करतो. ती नोंद जालन्याच्या जिल्हा नियंत्रण कक्षात उमटते आणि तिथून जवळच्या गाडीला संदेश जातो. म्हणजे हाक चारशे किलोमीटरच्या आसपास जाते आणि परत शेजारच्या गल्लीत येते. महाराष्ट्रात ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली. आपण आज एवढंच विचारणार आहोत : या प्रवासात आपण काय कमावलं आणि काय गमावलं?

हा प्रश्न फक्त आपला नाही. लंडनमध्ये १९३५ च्या नोव्हेंबरात विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली, पाच स्त्रिया मेल्या. शेजारी फोन करत होता, पण टेलिफोन केंद्रात त्याचा नंबरच लागेना. त्यातून चौकशी झाली आणि ३० जून १९३७ ला ९९९ हा क्रमांक सुरू झाला. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलिव्हिल या छोट्या गावात झाला. मौज बघा, सुरुवात छोट्या गावात झाली, आणि पुढे अशाच छोट्या गावांपुढे पेच उभा राहिला. रात्रभर फोनपाशी माणूस बसवणं गावाला परवडेना, म्हणून अनेक गावांनी ते काम काउंटीकडे, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याकडे, सोपवलं. प्रत्येक वेळी वाद तोच. एक बाजू म्हणते, खर्च वाचेल, यंत्रणा चांगली मिळेल. दुसरी म्हणते, आमच्या फोनवरच्या बाईला गावातली गल्लीन्‌गल्ली ठाऊक आहे, तिकडे कोण ओळखणार आम्हाला?

या दुसऱ्या वाक्यात फार मोठी गोष्ट दडली आहे. ती समजायची तर आपल्याला चावडीवर जावं लागेल.

जालना हा निजामाच्या मुलखाचा भाग. पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि त्याच दशकात पोलिसांची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. त्या कारभाराची भाषा अजून आपल्यात आहे. जालना शहरात कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा जालना. आणि एका पोलीस ठाण्याचं नाव आजही 'कदीम जालना'. कदीम म्हणजे जुना. राज्य गेलं, शब्द राहिला.

पण ठाणं तालुक्याला. खेड्यात होता पोलीस पाटील. चोरी झाली, मारामारी झाली, विहिरीत प्रेत सापडलं, की पहिली खबर त्याच्याकडे. ती ठाण्यात न्यायची कुणी? कोतवालाने, येसकराने, आणि तीही पायी. गावाची हद्द कुठली, कोणती वाट पावसात बंद होते, कोणता मळा कुणाचा, हे ज्ञान सगळ्यांत जास्त कुणाकडे होतं? येसकर महाराकडे. हद्दीच्या तंट्यात त्याची साक्ष निर्णायक मानली जाई, हे इतिहासकारांनी नोंदवलेलं आहे. आणि त्याच माणसाला चावडीवर बरोबरीनं बसायचा हक्क नव्हता.

हे नीट लक्षात घ्या. जागेचं ज्ञान एकाकडे आणि ऐकायचा अधिकार दुसऱ्याकडे. मुंबई इलाख्यात डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते या राबवून घेण्याविरुद्धच होतं. चावडीवरचा कान ओळखीचा होता, यात शंका नाही. पण ओळखीचा कान कुणाचं ऐकायचं हेही ठरवत असे. पाटलाच्या भावकीतल्या कुणाविरुद्ध तक्रार असेल, तर ती खबर ठाण्यापर्यंत पोचायची का? आपण सगळे खेड्यातून आलेले आहोत, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

स्वातंत्र्यानंतर चौकट बदलली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. वंशपरंपरागत पाटीलकी कायद्याने गेली. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली पोलीस पाटील राहिला, पण नेमलेला, वतनदार नव्हे. पुढे ठाण्यात बिनतारी संच आला, नंतर फोन आला.

आता एक तारीख सांगतो, ती आजच्या विषयात महत्त्वाची आहे : १ मे १९८१. त्या दिवशी जालना जिल्हा झाला. औरंगाबादमधून जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतून परतूर. वेगळा जिल्हा म्हणजे काय? कलेक्टर जवळ आला, पोलीस अधीक्षक जवळ आला, नियंत्रण कक्ष जवळ आला. जे आधी औरंगाबादला सांगावं लागे ते जालन्यात सांगता येऊ लागलं. १९८१ मध्ये राज्याचा कान आपल्या जवळ आला, आणि बरोबर चाळीस वर्षांनी तो लांब गेला. ही उलटी वाटचाल झाली का?

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा एक शास्त्राची गोष्ट सांगू द्या. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानतं, पण कुणाच्याही शब्दाला नव्हे, आप्ताच्या. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन तर स्पष्ट म्हणतो की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांनाही सारखीच. किती मोठी गोष्ट आहे ही! बोलणारा कोण, यावर शब्दाची किंमत ठरत नाही. त्याला काय माहीत आहे, यावर ठरते.

चावडीने ही कसोटी कधी पाळली नाही. चावडी आधी विचारी, तू कुणाचा? ११२ वरचा कर्मचारी विचारतो, काय झालं आणि कुठे? फोन करणारी बाई कोणत्या वस्तीतली, तिचं आडनाव काय, यावर त्याचं काही अडलेलं नाही. त्याहून महत्त्वाचं, तिचा फोन आला याची वेळेसकट नोंद झाली. 'आमच्याकडे कुणी आलंच नाही' असं आता म्हणता येत नाही.

कायद्याचाही ओघ याच दिशेने आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं चौथं कलम कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाच शिक्षा सांगतं. म्हणजे जवळचा कान बहिरा होऊ शकतो, हे संसदेनेच मान्य केलं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर नोंद केलीच पाहिजे. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने कलम १७३ मध्ये 'ही आमची हद्द नाही' हे जुनं उत्तर बंद केलं. खबर कुठल्याही ठाण्यात देता येते.

तेव्हा लांबचा कान ही काही वाईट गोष्ट नाही. ज्याला गावात कुणी वाली नाही, त्याला परका माणूसच आधार वाटतो.

पण दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. 'पिंपळगाव' म्हटलं की कोणतं पिंपळगाव? 'अंतरवाली' म्हटलं तर कोणती? आपल्याकडे एका नावाची गावं शेजारशेजारच्या तालुक्यांत असतात. माणूस पत्ता सांगतो तो असा : 'मारुतीच्या मंदिरामागून, जुन्या आडाकडून, आमच्या मळ्यात.' हा पत्ता जालन्यातल्या माणसाला निम्मा कळेल, महाप्यातल्याला कळणार नाही. मोबाइलवरून ठिकाण कळतं खरं, पण जिथे टॉवर विरळ तिथे ते नेमकं असतंच असं नाही. समृद्धी महामार्गावर अपघात झाला तर गाडीतला नागपूरचा माणूस सांगणार तरी काय? त्याला आपण जालना जिल्ह्यात आहोत एवढंही ठाऊक नसतं. तिथे उपयोगी पडतो तो रस्त्यावरचा किलोमीटरचा आकडा.

इंग्रज तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल याने १९४९ च्या पुस्तकात एक भेद मांडला : एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं, ती करता येणं वेगळं. नकाशावर वाट दिसणं हे पहिलं. पावसाळ्यात त्या ओढ्यावरून जीप जाणार नाही, वरच्या बांधाने न्या, हे दुसरं. जुन्या ठाणे अंमलदाराकडे हे दुसरं ज्ञान होतं. ते कोणत्याही वहीत नव्हतं, त्यामुळे कुणाला सोपवताही आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ऐकणं आणि पोचणं ही दोन कामं आहेत, आपण ती एकच समजतो. कान लांब असला तरी चालेल, किंबहुना काही जणांसाठी तो लांबच असावा. पाय मात्र जवळ हवेत. महाप्यात कितीही तत्पर माणूस बसला, तरी घनसावंगीच्या गाडीत डिझेल नसेल आणि रात्री चालक एकच असेल, तर हाक ऐकली गेली एवढंच समाधान.

आणि तिसरी गोष्ट : जागेचं ज्ञान. वस्त्यांची नावं, मळ्यांच्या वाटा, ओढे, एकाच नावाची गावं, हे सगळं त्या यंत्रात भरायचं काम नवी मुंबईचा माणूस करू शकत नाही. ते पोलीस पाटील, कोतवाल, ग्रामसेवक, आणि आपण गावकरी करू शकतो. आणि ते करताना फक्त गावठाणाची नावं भरून भागणार नाही. गावाबाहेरच्या वस्तीचं, तांड्याचं, पारध्यांच्या पालाचं नावही त्या नकाशावर आलं पाहिजे, आणि ते तिथल्या माणसाला विचारून आलं पाहिजे. येसकराला हद्द ठाऊक होती आणि त्याला कुणी चावडीवर बसवलं नाही, ती चूक यंत्रात पुन्हा होऊ द्यायची नाही.

तुमच्या गावच्या ग्रामसभेत एक प्रश्न अवश्य विचारा : आपल्या शेवटच्या वस्तीला ११२ वर काय नावाने ओळखतात? उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं, तर त्याच बैठकीत यादी करायला बसा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.