मलाय भाषेचे अध्यापन आणि कल्पक विचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मलाय भाषेच्या तासाला विद्यार्थ्यांची कल्पक विचारशक्ती वाढीस लागावी, ही अपेक्षा मलेशियात आज रूढ झाली आहे. १९९० नंतरच्या दशकात तेथे चिकित्सक व सर्जनशील विचारकौशल्यांचा पुरस्कार झाला. २०१३ च्या शिक्षण आराखड्याने उच्चस्तरीय विचारकौशल्यांवर भर दिला. त्यामुळे ही कल्पना अगदी अलीकडची आहे, असा समज होण्याचा संभव आहे. पूर्वेतिहास पाहता तो टिकत नाही.

ब्रिटिश अमदानीत मलाय शाळांचे प्रयोजन संकुचित होते. कोळ्याचा वा शेतकऱ्याचा मुलगा बापापेक्षा अधिक जाणता कोळी वा शेतकरी व्हावा, एवढेच उद्दिष्ट संयुक्त मलाय संस्थानांच्या १९२० च्या शासकीय अहवालात नमूद आहे. रिचर्ड विन्स्टेट यांनी जावा व फिलिपाईन्स येथील शिक्षणपद्धती पाहून बागकाम, टोपल्या विणणे इत्यादी हस्तव्यवसायांची शिफारस केली होती. स्वतंत्र विचारास या योजनेत फारसा वाव नव्हता.

तंजुंग मालिम येथील सुलतान इद्रिस अध्यापक विद्यालय १९२२ मध्ये याच धोरणाने स्थापन झाले; परंतु त्याची फलश्रुती निराळी झाली. झैनल आबिदीन बिन अहमद ऊर्फ झाबा हे १९२४ पासून तेथील भाषांतर विभागात काम करीत होते. पूर्वजांचे मत तपासून न पाहता स्वीकारणे, म्हणजे 'तकलीद', हा समाजाच्या उन्नतीतील मोठा अडथळा आहे, असे ते सातत्याने प्रतिपादीत. निबंधलेखनावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथही रचला. स्वतः विचार करणे आणि स्वतः लिहिणे ही त्यांच्या दृष्टीने एकाच स्वावलंबनाची दोन अंगे होती. याच विद्यालयातून हारून अमिनुर्रशीद यांच्यासारखे कादंबरीकार आणि १९३८ मध्ये 'केसातुआन मलायू मुडा' ही राष्ट्रवादी संघटना उभारणारे इब्राहिम याकूब बाहेर पडले. जाणते शेतकरी घडविण्यासाठी तयार केलेल्या शिक्षकांपैकीच काहींनी त्या राज्यव्यवस्थेविषयी प्रश्न उपस्थित केले.

१९५६ च्या रझाक अहवालानंतर मलाय हा सर्व शाळांतील आवश्यक विषय झाला. चिनी व तमिळ भाषिक मुलेही या वर्गात बसू लागली. साहजिकच भाषा शुद्ध शिकविणे व तीतून विचार करावयास लावणे, या दोन उद्दिष्टांचा मेळ घालणे अधिक अवघड झाले.

हा मेळ घालण्याचे एक साधन मलाय परंपरेतच आहे. चार ओळींच्या 'पांतुन' या रचनेत पहिल्या दोन ओळींत बहुधा निसर्गातील एखादे चित्र असते, पुढील दोन ओळींत खरा आशय येतो, आणि पहिली ओळ तिसरीशी व दुसरी चौथीशी यमकाने जुळते. शिक्षकाने पहिल्या दोन ओळी द्याव्यात व उरलेल्या दोन विद्यार्थ्यांनी रचाव्यात, एवढ्या साध्या अभ्यासातही नाद सांभाळून अर्थ शोधावा लागतो. त्याचे एकच बरोबर उत्तर नसते. मात्र तयार पांतुन पाठ करून परीक्षेत उतरविला, तर तीच रचना तकलीदचे साधन बनते.

तात्पर्य, कौशल्यांची यादी अभ्यासक्रमात घातल्याने कल्पकता येत नाही. विद्यार्थ्याने काय व्हावे हे आधीच ठरवून टाकणारी शाळा, मग ती १९२० ची असो वा आजची, तिला पारखीच राहते. तंजुंग मालिमचा इतिहास हेच सांगतो की, जेथे शिक्षकाला स्वतः लिहिण्यास व विचार करण्यास अवकाश मिळाला, तेथेच भाषेच्या तासाला विचारशक्ती जागी झाली.